'अ फेअरवेल टू आर्म्स' पहिल्यांदा वाचताना: सांगणारा कुठे गप्प होतो ते बघा

अर्नेस्ट हेमिंग्वेची ही कादंबरी वाचायला घेणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एकजण सांगतो, 'प्रेम आणि युद्धावर याहून मोठं पुस्तक नाही.' दुसरा म्हणतो, 'रुक्ष आहे रे, त्यातली नायिका म्हणजे नुसती मान डोलावणारी बाहुली.' दोघांनीही पुस्तक मन लावून वाचलेलं असतं आणि दोघंही पुस्तकातल्याच ओळींवर बोट ठेवतात. मी पहिल्यांदा दुसऱ्या गटात होतो. दहाव्या-बाराव्या प्रकरणाशी पुस्तक मिटलं आणि चारचौघांत त्याविषयी ठणकावून बोलत राहिलो. काही वर्षांनी ते पुन्हा हातात घेतलं तेव्हा कळलं, मी फक्त बोललेलं वाचत होतो. या पुस्तकातला माणूस महत्त्वाचं काही आलं की गप्प होतो, आणि ती गप्प बसण्याची जागा ऐकू आली नाही तर पुस्तक खरोखरच रुक्ष वाटतं.

म्हणून नव्या वाचकासाठी हा लेख बैठकींच्या क्रमाने लिहिला आहे. पुस्तक पाच भागांचं आणि एकेचाळीस प्रकरणांचं आहे. एकेक भाग म्हणजे एकेक बैठक धरली तर हिशेब सोपा होतो. शेवट मी फोडणार नाही. मधल्या घटनांचा उल्लेख मात्र येईल, त्यामुळे त्या त्या बैठकीपुरताच लेख वाचला तरी चालेल.

पुस्तक उघडण्याआधी

प्रस्तावना वगळा. हे सगळ्यात आधी सांगायचं कारण असं, की या कादंबरीच्या बहुतेक प्रस्तावना शेवट सांगून टाकतात. इतकं जुनं पुस्तक, आता लपवायचं काय, असा त्यामागचा हिशेब असावा. जुनं झालं तरी पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते नवंच असतं. मलपृष्ठसुद्धा नंतर वाचा.

मराठी वाचकाची हेमिंग्वेशी ओळख बहुधा पु. ल. देशपांड्यांच्या 'एका कोळियाने'मुळे झालेली असते. 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा तो अनुवाद. पण तो म्हातारा कोळी डोक्यात ठेवून इथे येऊ नका. ते पन्नाशीतल्या लेखकाचं पुस्तक आहे. 'अ फेअरवेल टू आर्म्स' १९२९च्या सप्टेंबरात पुस्तकरूपाने आलं, तेव्हा हेमिंग्वे तीस वर्षांचा होता. इथला नायक म्हाताऱ्यासारखा कशाशी झुंजत नाही. तो बराच काळ नुसता वाहत जातो.

मूळ इंग्रजीत वाचायचं की अनुवादात? इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचत असाल तर मूळच घ्या. शब्द सोपे, वाक्यं छोटी किंवा 'आणि'ने 'आणि'ला जोडलेली. शब्दकोश फारसा लागत नाही. शीर्षकातली गंमतही मूळातच कळते: 'आर्म्स' म्हणजे शस्त्रं आणि 'आर्म्स' म्हणजे बाहूही. दोन्हींचा निरोप एकाच शब्दात. मराठीत कितीही खटपट केली तरी एक हात सुटतोच. हे नाव हेमिंग्वेने सोळाव्या शतकातल्या जॉर्ज पील या इंग्रज कवीच्या कवितेवरून उचललं, पण पुस्तक वाचायला ती कविता माहीत असण्याची गरज नाही.

एक नकाशा मात्र हाताशी ठेवा. हा हौसेचा भाग नाही. उत्तर इटलीचा, ऑस्ट्रियाच्या जुन्या सरहद्दीपासून स्वित्झर्लंडपर्यंतचा कुठलाही साधा नकाशा चालेल. त्यावर पेन्सिलीने गोरिझिया, इझोन्झो नदी, उदिने, तालियामेंतो नदी, मिलान, मॅजोरे सरोवराकाठचं स्ट्रेझा आणि पलीकडे स्वित्झर्लंडमधलं माँत्रो व लोझान एवढी नावं शोधा. पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकणारी एक रेघ तयार होईल. ती रेघ हेच या कादंबरीचं कथानक. नकाशा का, ते तिसऱ्या बैठकीत खुद्द नायकच सांगतो.

इतिहासही थोडासाच लागतो. पहिल्या महायुद्धात इटली १९१५च्या मे महिन्यात ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूने उतरली. ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्धची आघाडी इझोन्झो नदीच्या खोऱ्यात आणि भोवतालच्या डोंगरांत अडकली. एकामागून एक अकरा लढाया त्याच नदीच्या नावाने झाल्या. त्यांतल्या सहाव्या लढाईत, ऑगस्ट १९१६मध्ये, गोरिझिया इटलीच्या हाती आलं. मग २४ ऑक्टोबर १९१७ला जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजांनी कापोरेत्तोजवळ आघाडी फोडली. इटलीचे अडीच लाखांहून जास्त सैनिक कैद झाले आणि उरलेली फौज मागे हटत पार पियावे नदीपर्यंत गेली. कापोरेत्तो आज स्लोव्हेनियात आहे, तिथे त्याला कोबारिड म्हणतात. इतकं पुरे. बाकीचं पुस्तक स्वतः सांगतं.

पहिली बैठक: दोन पानं, दोनदा

पहिलं प्रकरण जेमतेम दोन पानांचं आहे. ते दोनदा वाचा, त्यातलं एकदा मोठ्याने. त्यात कुणाचंही नाव नाही. एक गाव, नदी, नदीतले गोटे, रस्त्यावरून जाणाऱ्या फौजा, त्यांनी उडवलेली धूळ झाडांच्या पानांवर बसते, पानं त्या वर्षी लवकर गळतात. शेवटी हिवाळ्याबरोबर पाऊस लागतो आणि पावसाबरोबर कॉलरा येतो. तो आटोक्यात आला, सैन्यात फक्त सात हजार माणसं मेली, असं सांगून प्रकरण संपतं.

त्या 'फक्त'वर थांबा. इथेच पुस्तकाची चावी आहे. हा 'फक्त' कुणाचा? सरकारी अहवालाचा की सांगणाऱ्याचा? तो उपहास आहे की थकवा? लेखक काहीच सांगत नाही. तुम्हाला ते वाक्य वाचून अस्वस्थ वाटलं तर पुढची सव्वातीनशे पानं तुमच्यासाठीच लिहिली आहेत. काहीच वाटलं नाही तरी हरकत नाही, पुढे अशी आणखी ठिकाणं येतात.

सांगणारा आहे फ्रेडरिक हेन्री. अमेरिकन, पण इटलीच्या सैन्यात अॅम्ब्युलन्स तुकडीचा लेफ्टनंट. युद्धाआधी रोममध्ये वास्तुकला शिकत होता. सैन्यात का आलास, असं विचारलं की म्हणतो, प्रत्येक गोष्टीला कारण असतंच असं नाही. पहिल्यांदा वाचताना मला हे उत्तर उर्मट वाटलं होतं. आता वाटतं, त्याला खरंच माहीत नाही, आणि माहीत नसल्याची त्याला लाजही वाटत नाही.

तिसऱ्या प्रकरणात एक जागा आहे, तिथे पेन्सिलीने खूण करा. हेन्री रजेवरून परत आलेला आहे. तुकडीतल्या पाद्रीने त्याला आपल्या गावी, अब्रुत्सीच्या डोंगरात जायला सांगितलं होतं. तो गेला नाही. शहरांतून दारू पीत, अनोळखी बायकांबरोबर रात्री काढत फिरला. पाद्री दुखावला आहे आणि हेन्री त्याला धड समजावू शकत नाही. तेवढ्यात तो जाता जाता म्हणतो, की पाद्रीला जे ठाऊक होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नंतर मी ते शिकलो. 'तेव्हा' आणि 'नंतर'. म्हणजे ही गोष्ट घडत असताना सांगितलेली नाही. सगळं उरकून गेल्यावर, शेवट माहीत असलेला माणूस मागे वळून ती सांगतो आहे. हे एकदा ध्यानात आलं की त्याच्या कोरड्या आवाजाचा अर्थ पालटतो.

नववं प्रकरण एका दमात वाचा. हेन्री आणि त्याचे ड्रायव्हर खंदकात बसून युद्धाविषयी वाद घालतात. युद्धाहून वाईट काही नाही, असं पासीनी नावाचा ड्रायव्हर सांगत असतो. चीज आणि गार मॅकरोनी खाता खाता तोफगोळा पडतो. पुढे रुग्णालयात त्याचा मित्र, सर्जन रिनाल्दी, पदक मिळवून द्यायच्या गडबडीत विचारतो: काही पराक्रम केलास ना? हेन्री म्हणतो, नाही, चीज खात असताना उडालो. हसू येतं. पण त्याच्या थोडं आधी, अॅम्ब्युलन्समध्ये वरच्या स्ट्रेचरवरच्या माणसाचं रक्त हेन्रीच्या अंगावर ठिबकत असतं. धार हळूहळू मंदावते. सूर्य मावळल्यावर बर्फाच्या कांडीवरून थेंब पडावेत तसे थेंब पडू लागतात. तो माणूस मेला असावा, एवढंच हेन्री बोलतो. दया आली, भीती वाटली, असलं काही नाही. ते वाटणं लेखकाने तुमच्यावर सोडलं आहे.

कॅथरीन: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त भांडणं कॅथरीन बार्कलीवरून होतात. ब्रिटिश, स्वयंसेवक परिचारिका. आक्षेप असा: तिला स्वतःचं काही व्यक्तिमत्त्व नाही. तुला हवं तेच मी बोलीन, तुला हवं तेच करीन, मी अशी वेगळी उरलेच नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणते. आक्षेप खोटा नाही, ही वाक्यं पुस्तकात आहेतच. १९७८मध्ये ज्युडिथ फेटर्ली या समीक्षिकेने 'द रेझिस्टिंग रीडर' या पुस्तकात याच कादंबरीची स्त्रीवादी अंगाने उलटतपासणी घेतली, तेव्हापासून तर हा वाद अभ्यासक्रमातच गेला. फेटर्लींचं म्हणणं थोडक्यात असं, की पुरुषाच्या दुःखासाठी बाईला खर्ची घालणारं हे पुस्तक आहे.

पण निवाडा करण्याआधी चौथं आणि सहावं प्रकरण परत उघडा. चौथ्यात ती पहिल्यांदा भेटते तेव्हा तिच्या हातात वेताची एक छडी असते. ती छडी तिच्या मेलेल्या प्रियकराची. आठ वर्षं लग्न ठरलेलं होतं, तो सॉमच्या लढाईत गेला. ती म्हणते, मला वाटायचं, मी असेन त्याच रुग्णालयात तो येईल, कपाळाला तलवारीची जखम असेल, पट्टी बांधलेली असेल, चित्रातल्यासारखं काहीतरी. पण त्याच्या चिंधड्या झाल्या होत्या.

सहाव्या प्रकरणात, अंधाऱ्या बागेत, ती हेन्रीकडून वदवून घेते: मी रात्री कॅथरीनकडे परत आलो आहे. तो बापडा म्हणतो. त्याच्या मनात काय चाललंय, तर हा पत्त्यांसारखा एक डाव आहे, फक्त पानांऐवजी शब्द टाकायचे. आपण हुशार, ती जरा वेडसर, असा त्याचा समज. आणि मग अचानक तीच म्हणते, किती घाणेरडा खेळ खेळतोय ना आपण? खेळ तिने मांडलेला आहे, समोर कोण बसलंय हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि गाफील आहे तो लेफ्टनंट.

हे वाचून नंतरची 'मी वेगळी उरलेच नाही' वाली वाक्यं वाचली की ती बाहुलीची वाटत नाहीत. एकदा सगळं गमावलेल्या बाईने, यावेळी काहीही हातचं राखायचं नाही, असं ठरवून टाकलेला तो डाव वाटतो. हे माझं मत. ते सगळ्यांना पटत नाही, आणि मिलानच्या रुग्णालयातले काही संवाद मलाही आजतागायत खटकतात. तिथे हेमिंग्वे तिला श्वास घ्यायला जागा देत नाही. पण 'कॅथरीन पोकळ आहे' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, वेताची छडी आठवते का? निम्म्या वेळा आठवत नाही.

तिची मैत्रीण हेलन फर्ग्युसन हिच्याकडेही लक्ष ठेवा. ती हेन्रीला तोंडावर झापते, तुमचं लग्नबिग्न काही होणार नाही, भांडाल नाहीतर मराल, असं ऐकवते. वाचकाच्या मनात हेन्रीविषयी जो राग साठतो तो पुस्तकातच कुणीतरी बोलून दाखवतं. म्हणजे लेखकाला तो राग माहीत होता.

दुसरा भाग: मिलान

उन्हाळा, रुग्णालय, घोड्यांच्या लबाडीच्या शर्यती, गच्चीवरच्या रात्री. वाचायला सगळ्यात सोपा आणि, खरं सांगायचं तर, सगळ्यात लांबलेला भाग. कंटाळा आला तर अपराधी वाटून घेऊ नका. तीन डॉक्टर सल्लामसलत करून सांगतात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सहा महिने थांबा. चौथा, वालेन्तिनी, येऊन म्हणतो उद्या सकाळी करू. त्या प्रकरणात हेमिंग्वेला विनोद किती जमायचा ते दिसतं. शिवाय एकोणिसाव्या प्रकरणात कॅथरीन सांगते, मला पावसाची भीती वाटते. का, ते तुम्हीच वाचा. त्यानंतर पुस्तकात पाऊस दिसला की समासात एक टिंब द्या. शेवटी टिंबं मोजायची गरज पडणार नाही, ती कुठे दाट झाली आहेत ते दिसेलच.

संवाद कोण बोलतंय हे मधेच हरवतं. 'ती म्हणाली', 'तो म्हणाला' हे हेमिंग्वे फार क्वचित लिहितो. आठ-दहा ओळी उलट मोजत वर जा, नाव सापडतं. आणखी एक, मूळ छापलेल्या आवृत्तीत शिव्यांच्या जागी नुसत्या रेघा आहेत. प्रकाशकाने घेतलेली खबरदारी ती. तेवढं करूनही, कादंबरी 'स्क्रिब्नर्स' मासिकात क्रमशः येत असताना बोस्टनच्या पोलीसप्रमुखांनी जून १९२९चा अंक शहरात विकायला बंदी घातली होती. इटलीत तर फॅसिस्ट राजवट असेपर्यंत पुस्तक निघू शकलं नाही. कारण पुढच्या बैठकीत आहे.

तिसरी बैठक: एका दिवसात, उठायचं नाही

कापोरेत्तोची माघार. पंचवीस ते बत्तीस ही प्रकरणं. सुट्टीचा दिवस काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पुस्तक न आवडलेले लोकसुद्धा या भागाचं कौतुक करतात, आणि तुकड्या-तुकड्यांत वाचला तर त्याचा दम जातो.

सत्ताविसाव्या प्रकरणात जीनो नावाचा एक देशभक्त तरुण म्हणतो, या उन्हाळ्यात जे केलं ते वाया जाणार नाही. हेन्री काहीच बोलत नाही, पण मनात जे येतं ते आपल्याला सांगतो. पवित्र, गौरवशाली, बलिदान हे शब्द ऐकले की मला संकोच वाटतो. असे शब्द पावसात उभं राहून ऐकले, भिंतींवरच्या फलकांवर वाचले, पण पवित्र असं काही दिसलं नाही. शेवटी प्रतिष्ठा उरली ती गावांच्या नावांना, रस्त्यांच्या आकड्यांना, नद्यांच्या नावांना, पलटणींच्या क्रमांकांना आणि तारखांना.

नकाशा हाताशी ठेवा म्हटलं ते यासाठी. ही कादंबरी गोरिझिया, उदिने, तालियामेंतो या शब्दांवर उभी आहे, 'शौर्य' या शब्दावर नाही. तिच्याविषयी बोलतानाही हाच नियम पाळला तर बरं.

मग चिखल. तीन गाड्या, फसलेली चाकं, आणि वाटेत बरोबर घेतलेले दोन सार्जंट. गाडी काढायला फांद्या तोडा, असा हुकूम हेन्री देतो. ते ऐकत नाहीत, चालू लागतात. हेन्री पिस्तूल काढून गोळी झाडतो. एक पडतो. ड्रायव्हर बोनेल्लो पुढे जाऊन त्याला संपवतो आणि नंतर हसत सांगतो, सार्जंट मारायची इच्छा जन्मभर होती. हेन्री यावर एक अक्षर बोलत नाही. ना तेव्हा, ना नंतर.

आणखी थोडी पानं उलटली की तालियामेंतोच्या पुलाशी युद्धपोलीस उभे आहेत. मागे हटणाऱ्या अधिकाऱ्यांना रांगेतून बाजूला ओढतात, दोन प्रश्न विचारतात आणि गोळी घालतात. एक वयस्कर लेफ्टनंट कर्नल शांतपणे विचारतो, तुम्ही कधी माघारीत होता का? उत्तर मिळतं, इटलीने माघार घेताच कामा नये. फॅसिस्टांना हे पुस्तक का रुचलं नाही, याचं उत्तर या एका पानात आहे. आणि हे रचून सांगितलेलं नाही, त्या दिवसांत पळून जाणाऱ्यांना आणि भरकटलेल्यांना जागच्या जागी गोळ्या घातल्या गेल्या होत्या. हेन्री नदीत उडी मारतो.

आता प्रश्न, आणि वाचक मंडळात याच प्रश्नाने चर्चा पेटते: हुकूम न मानता निघून जाणाऱ्या सार्जंटला गोळी घालणारा हा माणूस, काही तासांनी स्वतः युद्ध सोडून निघून जातो. युद्धाशी मी माझ्यापुरता तह केला, असं पुढे म्हणतो. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून लेखक चालता होतो. काही वाचक म्हणतात, हेमिंग्वेच्या लक्षातच आलं नाही, तो आपल्या नायकावर लट्टू आहे. मला वाटतं, सांगणाऱ्या हेन्रीच्या लक्षात आलेलं आहे, पण ते सांगण्याची त्याची छाती होत नाही. एवढ्या बारकाईने गाड्यांची चाकं, फांद्या आणि चिखल सांगणारा माणूस नेमका इथे मुका का होतो? या प्रश्नाचं तुमचं उत्तर हेच मुळात तुमचं या पुस्तकाविषयीचं मत.

चौथा भाग

पटकन जातो. स्ट्रेझाचं हॉटेल, चौऱ्याण्णव वर्षांच्या काउंट ग्रेफीबरोबर बिलियर्डचा डाव, रात्री पावसात सरोवरातून पस्तीस किलोमीटर वल्ही मारत स्वित्झर्लंड गाठणं, वाटेत छत्रीचं शीड. पलीकडे पोचल्यावर दोन स्विस अधिकारी हिवाळी खेळांसाठी कुठलं गाव चांगलं यावर हमरीतुमरीवर येतात. जगात आग लागलेली आणि यांचं घसरगाडीवरून भांडण. हसून घ्या.

पाचवा भाग, आणि पुस्तक मिटल्यावर

शेवटच्या चार प्रकरणांविषयी एकच सूचना: रात्री उशिरा सुरू करू नका.

संपल्यावर लगेच कुणाचं मत वाचायला धावू नका. एक कागद घ्या आणि चार ओळी लिहा. कुठे रडू आलं, कुठे चीड आली, कोणतं पान परत उघडावंसं वाटतं, आणि हेन्रीने काय सांगितलं नाही. हा कागद जपून ठेवा. दुसऱ्यांची मतं वाचल्यावर आपलं पहिलं मत काय होतं हे आठवत नाही, निदान मला तरी आठवत नाही.

शेवटच्या पानाविषयी थोडं. १९५८मध्ये 'पॅरिस रिव्ह्यू'ला दिलेल्या मुलाखतीत हेमिंग्वेने सांगितलं, शेवटचं पान एकोणचाळीस वेळा लिहिलं, तेव्हा कुठे समाधान झालं. अडचण काय होती, असं विचारल्यावर म्हणाला, शब्द नीट बसवणं. २०१२मध्ये निघालेल्या आवृत्तीत हस्तलिखितांमधले असे सत्तेचाळीस शेवट छापले आहेत. ती आवृत्ती मिळाली तर दुसऱ्या वाचनाच्या वेळी जरूर बघा. टाकून दिलेल्या कित्येक शेवटांत हेन्री तत्त्वज्ञान सांगतो, पुढे कुणाचं काय झालं ते सांगतो. छापलेल्यात यातलं काही नाही. कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डने सुचवलं होतं, की जग माणसांना मोडतं, हा आधीचा परिच्छेद शेवटी आणावा. हेमिंग्वेने ते धुडकावलं. बरं केलं. गप्प बसलेला माणूस शेवटच्या पानावर भाषण करायला उभा राहिला असता तर सगळंच ओमफस झालं असतं.

इतरांची मतं कशी वाचायची

आता वाचा, भरपूर वाचा. मात्र प्रत्येक मताला विचारा, हे कुठल्या पानावरून बोलतंय?

'भाषा शाळकरी आहे' असं म्हणणारा बहुधा पहिल्या भागात थांबलेला असतो, किंवा नंतर याच भाषेची इतक्या लेखकांनी नक्कल केली, की आता मूळच नकलेसारखं वाटतं. त्याचा दोष नाही. 'ही तर लेखकाचीच गोष्ट' हे मत अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खरं मत सगळ्यात चिवट असतं. हेमिंग्वे रेडक्रॉसच्या कामासाठी इटलीला गेला तो १९१८च्या जूनमध्ये. ८ जुलैला फोसाल्ता गावाजवळ, पियावेच्या काठी, तो जखमी झाला. एकोणिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. मिलानच्या रुग्णालयात अॅग्नेस फॉन कुरोव्स्की या परिचारिकेच्या प्रेमात पडला आणि १९१९मध्ये तिने पत्राने नकार कळवला. इथपर्यंत ठीक. पण कापोरेत्तोच्या वेळी, ऑक्टोबर १९१७मध्ये, तो अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या एका वर्तमानपत्रात नुकताच बातमीदार म्हणून लागला होता. ज्या माघारीला सगळे 'डोळ्यांनी पाहिल्यासारखी' म्हणतात ती त्याने पाहिलीच नव्हती. ऐकून, वाचून, नकाशे बघून लिहिली. म्हणून कॅथरीन म्हणजे अॅग्नेस, असं समीकरण कुणी मांडलं की तिथेच सावध व्हा.

'युद्धविरोधी कादंबरी' हेही लेबल जरा सैल बसतं. त्याच १९२९ सालच्या जानेवारीत जर्मनीत रेमार्कची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' पुस्तकरूपाने आली. ती वाचताना लेखक युद्धाच्या विरोधात उभा आहे याची शंका राहत नाही. हेन्री कशाच्याही विरोधात उभा राहत नाही, तो फक्त निघून जातो. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली तर फरक अंगावर येतो.

'प्रेम खरं वाटत नाही' या मताशी मी अर्धा सहमत आहे. पहिल्या भागात ते खरं नाहीच, दोघंही कबूल करतात. कधी खरं झालं ते पान मला अजून सापडलेलं नाही. मिलानमध्ये ती खोलीत येते तेव्हा आपण प्रेमात आहोत असं हेन्री सांगतो. त्यावर माझा विश्वास बसत नाही. मला वाटतं, बरंच पुढे, सरोवरात, वल्ही मारून हातांची सालटी निघालेली असताना, त्याने शिडासारखी धरलेली छत्री उलटी झाल्यावर ती हसत सुटलेली, तिथे कुठेतरी. तुम्हाला दुसरीकडे सापडेल.

वाचक मंडळात या पुस्तकावर बोलायचं असेल तर 'आवडलं का?' याने सुरुवात करू नका, दहा मिनिटांत दोन फळ्या पडतात. एकाने सार्जंटचा प्रसंग मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने बागेतला. मग प्रत्येकाने सांगावं, सांगणारा कुठे गप्प झाला. आमच्याकडे एकदा असं केलं तेव्हा सगळा वेळ पाऊण पानावर गेला, आणि एरवी कधीच तोंड न उघडणाऱ्या एका बाईंनी विचारलं, 'पण हा हे सगळं सांगतोय कुणाला?' त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी घरी येऊन पहिलं प्रकरण पुन्हा काढलं.